'स्टॉप व्हिंजिंग' म्हटल्यावर गप्प बसावे का?

(ओळख पटू नये म्हणून पत्रातील काही तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखिका मूळच्या कुडाळ तालुक्यातील आहेत. कोल्हापुरात नर्सिंगचे शिक्षण आणि काही वर्षे नोकरी केल्यानंतर गेली तीन वर्षे त्या इंग्लंडमधील एका सरकारी रुग्णालयात परिचारिका आहेत. गणपतीसाठी त्यांनी पाच महिने आधी रजा मागितली होती. ती नाकारली गेली आणि त्यांच्यानंतर अर्ज करणाऱ्या सहकारी परिचारिकेला त्याच आठवड्याची रजा मिळाली. शनिवार-रविवारच्या रात्रपाळ्याही आपल्या वाट्याला जास्त येतात, असे त्यांना वाटते. चहाच्या सुटीत हा विषय निघाला की एक सहकारी हसून म्हणे, 'लेट्स हॅव अ गुड व्हिंज.' एकदा दोन परिचारिका कमी असताना रात्र काढल्यावर, सकाळी पाळी बदलताना त्यांनी वॉर्डच्या प्रमुखांना पाळ्यांचे, रजेचे आणि अपुऱ्या मनुष्यबळाचे सगळे एकत्रच सांगितले. प्रमुख सर्वांसमोर म्हणाल्या, 'प्लीज स्टॉप व्हिंजिंग, वुई आर ऑल टायर्ड.' घरी येऊन शब्दकोश पाहिला, तर 'कुरकुर करणे, रडगाणे गाणे' असा अर्थ निघाला. पतीला सांगितले, तर तेही म्हणाले, 'रोज हेच रडगाणे ऐकतो आहे.' त्या दिवसापासून त्यांनी कामाच्या ठिकाणी कशाविषयीही बोलणे सोडले आहे. त्या विचारतात : या शब्दाचा नेमका अर्थ काय? हा अपमान होता का? आता लेखी तक्रार करावी, की परक्या मुलखात आलो आहोत म्हणून निमूट राहावे?

ताई,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शब्दाचा प्रश्न मी आधी घेते, कारण उरलेले दोन त्यातच गुंतले आहेत. शब्दकोशातील एका ओळीवरून तुम्ही स्वतःविषयी जो निकाल लावून घेतला आहे, तो मला मान्य नाही.

'व्हिंज' हे क्रियापद जुन्या इंग्रजीतील 'ह्विन्सियन' या शब्दापासून आले. 'व्हाइन', म्हणजे रडक्या सुरात बोलणे, हा त्याचा सख्खा नातेवाईक आहे. जर्मन भाषेत त्याच कुळातला 'विन्झेल्न' हा शब्द कुत्र्याच्या केविलवाण्या कुईकुईसाठी वापरतात. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी एक आवाज आहे, ऐकणाऱ्याला नकोसा झालेला लांबट, रडका आवाज. कित्येक शतके तो प्रामुख्याने स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या उत्तर भागात बोलला जात असे. विसाव्या शतकात तो सगळ्या ब्रिटनमध्ये रुळला. अमेरिकेत तो क्वचितच ऐकू येतो, तेथे लोक 'व्हाइन' म्हणतात. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारे शब्द पिरपिर आणि रडगाणे हे आहेत. तुमच्या शब्दकोशाने दिलेली 'कुरकुर' मला थोडी सौम्य वाटते. कुरकुर तर जुनी खाटही करते. पिरपिर मात्र थांबत नाही. ती झोप न झालेल्या मुलाची असते किंवा दिवसभर न उघडणाऱ्या पावसाची, आणि 'व्हिंज' म्हणणाऱ्याला नेमके तेच सुचवायचे असते.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. पिरपिर, भुणभुण, रडगाणे, व्हिंज हे सगळे शब्द सूर सांगतात, पुनरावृत्ती सांगतात आणि ऐकणाऱ्याचा कंटाळा सांगतात. जे बोलले गेले ते खरे आहे की खोटे, याविषयी त्यांतला एकही शब्द काही सांगत नाही. पिरपिर करणाऱ्या मुलाला खरोखरच ताप असू शकतो, हे परिचारिकेला मी सांगायला नको. प्रमुखांनी तुमच्या बोलण्याला 'व्हिंजिंग' म्हटले, त्यातून त्या क्षणी त्यांना ते ऐकणे जड गेले एवढेच कळते. रात्री दोन परिचारिका कमी होत्या, हे त्यामुळे खोटे ठरत नाही.

तक्रार करणे ही मुळातच कमीपणाची गोष्ट आहे, असे तुम्ही पत्रात दोन वेळा लिहिले आहे. हे गृहीत तुम्ही कोठून घेतले, याचा जरा विचार करा. कोल्हापुरातील तुमच्या रुग्णालयात दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर तुम्ही 'सी/ओ' अशी अक्षरे लिहिली असतील, म्हणजे 'कम्प्लेंट्स ऑफ' : ताप तीन दिवस, पोटात दुखणे काल रात्रीपासून. आता तेथे 'प्रेझेंटिंग कम्प्लेंट' लिहीत असाल. रुग्णाने दुखणे सांगितले म्हणून तुम्ही त्याला कधी रडका ठरवले नाही, उलट त्याच्या तक्रारीवाचून उपचार सुरूच झाले नसते. 'कम्प्लेन' या शब्दाच्या मुळाशी छाती पिटून शोक करणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे, आणि न्यायालयातील फिर्यादीला इंग्रजीत 'प्लेंटिफ' म्हणतात तो शब्दही त्याच मुळातून आला आहे. आपली 'तक्रार' अरबीतून आली. तेथे 'तकरार' म्हणजे पुनरुक्ती, तेच पुन्हा सांगणे. ज्या सवयीबद्दल तुम्हांला बोल लागला ती सवय या शब्दाच्या पोटातच आहे, आणि तरीही आपण तक्रार नोंदवतो, तिची पोच मागतो, तिचा निकाल मागतो.

तुम्हांला हा शब्द दोन वेळा ऐकावा लागला आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ वेगळा होता. चहाच्या सुटीत तुमची सहकारी 'लेट्स हॅव अ गुड व्हिंज' म्हणते तेव्हा ती स्वतःलाही त्यात धरते. हवामान, रेल्वे, पाळ्या आणि वरिष्ठ यांच्याविषयी मिळून गाऱ्हाणी गाणे हा ब्रिटनमधील सहवासाचा एक भाग आहे. त्यासाठी 'मोन' हा शब्दही तितकाच वापरतात, आणि असे बोलून झाल्यावर कोणी काही करावे अशी कोणाचीही अपेक्षा नसते. ते निमंत्रण होते, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. वॉर्डच्या प्रमुखांनी मात्र तोच शब्द आज्ञेच्या रूपात, वरून खाली आणि इतरांच्या देखत वापरला. मित्राने हसून म्हटलेले 'किती रडशील?' आणि साहेबाने कार्यालयात सर्वांसमोर म्हटलेले 'रडगाणे बंद करा' यांत जितके अंतर आहे, तितकेच येथे आहे. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की होय, ते बोलणे अपमानास्पद होते. ते ठरवून केले होते असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांनीही बहुधा ती सकाळ अपुऱ्या माणसांची जुळवाजुळव करण्यातच घालवली असेल. हेतू नसतानाही अपमान होऊ शकतो, आणि म्हणूनच त्याविषयी भांडण न करता बोलता येते. ते कसे, ते पुढे सांगते.

या शब्दाचा आणखी एक इतिहास तुमच्या कामाचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने ब्रिटनमधून माणसे बोलावली. प्रौढ व्यक्तीला प्रवासासाठी फक्त दहा पौंड भरावे लागत, दोन वर्षे राहण्याची अट असे, आणि 1945 मध्ये आखलेल्या व 1982 पर्यंत चाललेल्या या योजनेतून दहा लाखांहून अधिक ब्रिटिश लोक तेथे गेले. अनेक कुटुंबांना सुरुवातीला पन्हळी पत्र्याच्या अर्धगोल खोल्यांच्या छावण्यांत राहावे लागले. तेथला उकाडा, सामाईक स्वच्छतागृहे, जेवण यांविषयी ते बोलू लागले तेव्हा 'व्हिंजिंग पॉम' हा शब्दप्रयोग त्यांना चिकटला. 'पॉम' म्हणजे इंग्रज माणूस. सुमारे एक चतुर्थांश लोक परत गेले आणि त्यांतले बरेच जण पुन्हा ऑस्ट्रेलियाला आले. आधी स्थिरावलेला माणूस नव्याने आलेल्याला हा शब्द किती सहज लावतो, हे यावरून दिसते. पत्र्याच्या खोलीतला उकाडा तर खरा होता. तुमच्या वॉर्डातील कोणाच्या आजी-आजोबांनीही कदाचित तो शब्द झेलला असेल. मेलबर्न किंवा पर्थ येथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण ऑस्ट्रेलियात या शब्दाला ब्रिटनपेक्षा जास्त धार आहे.

आता थोडे कटू बोलते. तुम्ही त्या सकाळी तीन वेगळ्या गोष्टी एका दमात सांगितल्या. कमी मनुष्यबळ हा रुग्णांच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता, रात्रपाळ्यांची वाटणी हा न्यायाचा प्रश्न होता आणि गणपतीची रजा हा तुमच्या मनाच्या फार जवळचा, पण वैयक्तिक प्रश्न होता. रात्रभर जागलेल्या माणसाच्या तोंडून हे असेच एकत्र बाहेर पडते, त्यात तुमचा दोष काढण्याचा माझा हेतू नाही. परंतु ऐकणाऱ्याच्या कानी रजेची हळहळ आणि रुग्णांचा धोका एकाच सुरात पडले, आणि सर्वांत गंभीर बाब सर्वांत हलकी समजली गेली. चहाच्या सुटीत तेच चार महिने बोलले गेल्यामुळे त्या सकाळपर्यंत ते शिळेही झाले होते. ज्यांच्या हाती काही करणे नाही त्यांना पुष्कळदा सांगितले आणि ज्यांच्या हाती होते त्यांना एकदाच, तेही चुकीच्या वेळी.

तुम्ही सिंधुदुर्गातल्या आहात, म्हणून तुमच्याच गावचे उदाहरण देते. देवळात गाऱ्हाणे घातले जाते तेव्हा काय होते, ते आठवा. गाऱ्हाणे घालणारा आधी देवाचे नाव घेतो, मग कोणाचे लेकरू समोर उभे आहे ते सांगतो, मग अडचण सांगतो, आणि शेवटी काय व्हावे ते स्पष्ट मागतो. प्रत्येक वाक्यानंतर जमलेली माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणून साक्ष देतात. तेथे कोणी रडत नाही आणि कोणी माफीही मागत नाही. सांगणारा ताठ उभा असतो. गाऱ्हाणे आणि रडगाणे यांत मला दिसणारा फरक हाच आहे की, गाऱ्हाण्याला ऐकणारा ठरलेला असतो, मागणे ठरलेले असते आणि साक्षीदार असतात. तुमच्याकडे तक्रारीची इतकी चांगली रीत घरचीच असताना, तुम्ही ती देवळाच्या उंबरठ्याशी ठेवून इंग्लंडला गेलात, एवढेच मला वाटते.

तीच रीत इंग्रजीत कशी आणायची? ब्रिटिश रुग्णालयात 'कम्प्लेंट' हा शब्द सहसा रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या तक्रारीसाठी राखलेला असतो. कर्मचाऱ्याने सुरक्षिततेविषयी काही सांगितले तर त्याला 'कन्सर्न' म्हणतात, आणि स्वतःच्या नोकरीतील अन्यायाविषयी औपचारिक दाद मागितली तर 'ग्रीव्हन्स'. या शेवटच्या शब्दाचे मूळ लॅटिन 'ग्राविस', म्हणजे जड, हे आहे, आणि आपला संस्कृत 'गुरु' हा शब्द त्याच प्राचीन मुळाचा. जे जड आहे ते ग्रीव्हन्स. या शब्दांना तेथे ठरलेली वाट आहे, कागद आहेत आणि उत्तर देण्याचे बंधन आहे. 'व्हिंज'ला यांतले काहीच नाही, म्हणून कोणत्याही लेखी मजकुरात, गमतीनेसुद्धा, स्वतःच्या म्हणण्याला 'व्हिंज' किंवा 'मोन' म्हणू नका. रुग्णाच्या किंवा त्याच्या नातेवाइकांच्या बाबतीत तर तो शब्द तोंडातही येऊ देऊ नका.

सर्वांत आधी कमी मनुष्यबळाची बाब इतर दोहोंपासून वेगळी काढा. येथे गप्प बसण्याचा पर्याय तुम्हांला नाहीच. तुमची नोंदणी ज्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे आहे, तिच्या 2015 च्या आचारसंहितेनुसार रुग्णांच्या सुरक्षिततेला धोका दिसल्यास विनाविलंब सांगणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे. स्टॅफर्ड येथील रुग्णालयात 2005 ते 2009 या काळात रुग्णांचे जे हाल झाले, त्यांची चौकशी करून रॉबर्ट फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये अहवाल दिला. अपुऱ्या परिचारिका आणि न ऐकलेल्या तक्रारी ही त्या अहवालातील दोन ठळक कारणे होती. तेथेही रुग्णांचे नातेवाईक आणि काही परिचारिका बोलत होत्या, आणि त्यांच्याकडे लक्ष दिले गेले नव्हते. पुढे 2015 मध्ये फ्रान्सिस यांच्याच दुसऱ्या अहवालाने सुचवल्यावरून इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांत 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन' नेमले जाऊ लागले. कर्मचाऱ्याला थेट वरिष्ठांशी बोलण्याची भीती वाटत असेल तर या गार्डियनकडे जाता येते. त्या रात्रीची नोंद रुग्णालयाच्या घटना-नोंद प्रणालीत, जिला अनेक ठिकाणी 'डेटिक्स' म्हणतात, झाली आहे का ते पाहा. झाली नसेल तर करा : तारीख, पाळी, किती परिचारिका हव्या होत्या, किती होत्या, कोणते काम लांबले. विशेषणे टाळा. आकड्यांना कोणी पिरपिर म्हणत नाही.

पाळ्यांविषयी तुम्ही 'मला वाटते' असे लिहिले आहे. आधी ते मोजा. मागील सहा महिन्यांच्या वेळापत्रकावरून तुमच्या आणि तुमच्याच श्रेणीतील इतरांच्या शनिवार-रविवारच्या रात्री वहीत उतरवा. कदाचित वाटणी सारखीच निघेल आणि तुमच्या मनावरचे ओझे उतरेल. ती असमान निघाली तर प्रमुखांकडे वीस मिनिटांची वेगळी वेळ मागा, वही समोर ठेवा आणि पुढच्या वेळापत्रकात नेमका कोणता बदल हवा ते सांगा. भेटीनंतर त्याच दिवशी बोलणे काय झाले ते चार ओळींत ईमेलने कळवा, म्हणजे तुमच्या गाऱ्हाण्याला साक्षीदार मिळेल. परदेशांतून आलेल्या परिचारिकांच्याच वाट्याला जास्त रात्री येतात असे आकड्यांतून दिसले, तर विषय अधिक गंभीर होतो, कारण 2010 च्या समता कायद्यात वंश आणि राष्ट्रीयत्व यांवरून होणाऱ्या भेदभावाला मनाई आहे. पण आकडे हाती येण्याआधी तो आरोप करू नका.

त्याच भेटीत, शेवटी, त्या सकाळचे बोलणेही काढा. मराठीत मनात घोळवून मग भाषांतर करत बसू नका, सरळ एवढेच म्हणा : 'व्हेन माय कन्सर्न वॉज कॉल्ड व्हिंजिंग इन फ्रंट ऑफ द टीम, आय स्टॉप्ड स्पीकिंग अप.' या वाक्यात आरोप नाही, झालेला परिणाम आहे. परिचारिकेने बोलणे बंद करणे किती धोक्याचे असते हे कोणत्याही वॉर्डच्या प्रमुखाला समजते, आणि माझा अनुभव असा की अशा वाक्यानंतर निम्मी माणसे मनापासून माफी मागतात.

औपचारिक 'ग्रीव्हन्स' मी तुम्हांला आज सुचवत नाही. बोलणे आणि लेखी विनंती यांतून काही निष्पन्न झाले नाही तरच तो मार्ग घ्यावा. तो घेतल्यास सुनावणीला सहकारी किंवा कामगार संघटनेचा प्रतिनिधी सोबत नेण्याचा हक्क 1999 च्या कायद्याने दिलेला आहे. तुम्ही रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग किंवा युनिसन या संघटनांपैकी कशाच्याही सदस्य असल्याचे पत्रात दिसत नाही. नसाल तर याच आठवड्यात व्हा, कारण आधीच उद्भवलेल्या वादात मदत मिळेलच असे नसते.

'परक्या मुलखात आलो आहोत' या तुमच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबले. त्यामागे व्हिसाची भीती आहे, हे मी ओळखते. तुमचा व्हिसा मालकाशी बांधलेला आहे, नोकरी गेली तर नवा प्रायोजक शोधायला सहसा 60 दिवस मिळतात, आणि कोल्हापुरातील कर्जाचे हप्ते तेथूनच जातात. ही भीती खरी आहे आणि तिला कोणी व्हिंजिंग म्हणू नये. म्हणूनच संघटनेचे सदस्यत्व, लेखी नोंदी आणि पायरी-पायरीने जाणे यांवर मी इतका भर देते आहे. पण तुम्ही तेथे पाहुण्या नाही. पाहुणीने जेवणात मीठ कमी असल्याचे सांगू नये, हा संस्कार आपल्याकडे चांगला आहे. तुम्ही मात्र तेथे पगारावर काम करता, कर भरता, रात्री रुग्णांचे जीव सांभाळता. वेळापत्रकाविषयी विचारणे हा त्या कामाचाच भाग आहे.

तुमच्या पतीविषयी थोडेसे. 'रडगाणे' हा शब्द त्यांनी वापरायला नको होता, तोही नेमक्या त्या दिवशी. तरीही चार महिने रोज तेच ऐकून त्यांनाही काही करता येत नसल्याची हतबलता वाटली असेल. घरी बोलताना आधीच सांगत जा की, आज मला उपाय नको आहे, नुसते ऐक, किंवा आज मला सल्ला हवा आहे. वर सांगितलेल्या वहीतील पाळ्यांची मोजणी त्यांच्याबरोबर बसून करा. एका संध्याकाळचे काम आहे.

राहिली गणपतीची रजा. ब्रिटनमध्ये सणासाठी रजा मिळण्याचा स्वतंत्र कायदेशीर हक्क नाही, पण विनंतीचा न्याय्य विचार व्हावा ही अपेक्षा रास्त आहे, आणि आधीचा अर्ज बाजूला ठेवून नंतरचा मंजूर का केला, हे तुम्ही शांतपणे विचारू शकता. कोकणातल्या माणसाला गणपतीला घरी जाणे म्हणजे काय, हे तुमच्या प्रमुखांना माहीत असण्याचे कारण नाही, आणि तुम्हीही ते कधी सांगितलेले दिसत नाही. 'फॅमिली फंक्शन' असे कारण लिहिल्याचे तुम्हीच कळवले आहे. पुढच्या वर्षीची चतुर्थी पंचांगात पाहा आणि आजच अर्ज करा. त्यात सणाचे नाव लिहा, त्याची तारीख दर वर्षी बदलते हे लिहा, तुमच्याकडे तो नाताळाइतका मोठा आहे हे लिहा, बदल्यात नाताळाच्या दोन पाळ्या घेण्याची तयारी असेल तर तेही लिहा, आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत हवे ते सांगा, म्हणजे विमानाचे तिकीट वेळेवर काढता येईल. 'सॉरी टू बॉदर यू' हे वाक्य मात्र त्या अर्जात कोठेही नको.